मन्मथच्या पत्त्यावर

यासीनभाईंचा फोन आला तेव्हा मी वालूरला चुलतभावाच्या अंगणात बसून मिरच्यांची देठं काढत होते. यासीनभाई म्हणजे पूर्णेतले आमचे शेजारी. पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान आहे त्यांचं, त्यामुळं आवाज कायम चढा. त्या दिवशी मात्र हळू बोलले. “अक्का, मन्मथभाईची तबियत जरा नरम हाय. तुमी निघा.” मी विचारलं, “दवाखान्यात नेलं का?” तर म्हणाले, “तुमी या तर खरं...” तबियत नुसती नरम असती तर हा माणूस त्याला रिक्षात घालून केव्हाच दवाखान्यात घेऊन गेला असता, हे मला कळत होतं. तरी सेलूपर्यंत, आणि पुढं गाडीत बसूनही, ताप असेल, पित्त झालं असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी दिसली. मला बघून ती बाजूला झाली... मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

मन्मथ माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून तो माझ्याच कडेवर वाढला. पुढं रेल्वेत लागला. तारा, टेलिफोन, स्टेशनातून स्टेशनात निरोप जायची यंत्रं, असलं सगळं सांभाळायचं काम. नोकरीभर खांब आणि वायरी. माझे मालक गेले तेव्हा तोच वालूरला आला आणि म्हणाला, “अक्का, वहिनीमागं माझं घर लय मोकळं झालंय. तू चल.” आपल्याच बायकोला तो ‘वहिनी’ म्हणायचा, कारण सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची. मी ट्रंक भरली आणि निघाले. तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघं म्हातारी भावंडं. त्याचा मुलगा महेश हैदराबादला असतो.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, नाहीतर बाजारात. मन्मथनं नांदेडहून एक जुना कॉम्प्युटर आणला, वरच्या खोलीत पाटावर मांडला आणि त्यावर वालूरच्या नावानं टपालघर उघडलं. म्हणजे ईमेलचं हो. आपल्या गावचं जे कोणी मागेल त्याला गावाच्या नावाचा पत्ता द्यायचा, आणि त्या पत्त्यांवर येणारं टपाल आपल्या घरातल्या यंत्रानं घ्यायचं. मी म्हणलं, “लोकांकडं फोनवर असतातच की पत्ते. फुकट मिळतात.” तर म्हणाला, “ते कंपनीच्या नावाचे, अक्का. हे आपल्या गावाच्या नावाचं.” एवढंच त्याचं उत्तर. पुण्यात, मुंबईत, कुठं कुठं गेलेल्या पोरांनी हौसेनं पत्ते घेतले. गावात ज्यांना कधी कोणाचं पत्र आलं नव्हतं, त्यांनीही घेतले.

त्या कॉम्प्युटरच्या पोटात एक प्रोग्राम असतो. पडद्यावर तो दिसत नाही, कोणी त्याला उघडत नाही की मिटत नाही, पण बाहेरून येणारं टपाल घ्यायला तो सतत कान देऊन बसलेला असतो. त्याला इंग्रजी नाव आहे, मी आपली राखणदार म्हणायची. हळूहळू मन्मथही म्हणायला लागला. सकाळी कपाळाला विभूती लावून लिंगपूजा झाली की हा वर जायचा आणि राखणदारानं रात्रीतून कोणाला आत घेतलं, कोणाला हाकललं, त्याची नोंद वाचत बसायचा. खालून मी हाक मारायची, “काय करायलास रे?” वरून उत्तर यायचं, “हजेरी घ्यायलोय.”

राखणदाराला मात्र सगळं शिकवावं लागतं. आपलं गाव कोणतं, आपली माणसं कोणती, कोणाला आत घ्यायचं, हे एका फाइलीत ओळ-ओळ लिहून द्यायचं. मन्मथनं सुरुवातीला काय केलं असेल? जो येईल त्याचं टपाल घ्यायचं, आपल्या गावचं नसलं तर पुढच्या गावाला पोचवून द्यायचं, असं लिहून ठेवलं. मानवतला निघालेल्या माणसाच्या हातात कोणी डबा दिला तर आपण काय नाही म्हणतो का, असा त्याचा हिशोब. दोन-तीन दिवसांत जगभरच्या भामट्यांना पत्ता लागला. लॉटरीची, औषधांची, नको त्या बायकांची टपालं आमच्या वरच्या खोलीतून गावोगाव जायला लागली, आणि मोठ्या कंपन्यांनी आमचं नाव काळ्या यादीत घातलं. आमच्याकडून गेलेलं खरं पत्रही कोणी घेईना. मन्मथ जेवायला बसला. मी म्हणलं, “गावाच्या नावाचं टपालघर काढलंस आणि गावाचं नाव बरं काढलंस.” आधी चिडला, मग हसायला लागला. त्या दिवशी राखणदाराला नवी ओळ शिकवली, आपल्या माणसांचं असेल तरच घ्यायचं. काळ्या यादीतून नाव निघायला पुढं बरेच दिवस विनवण्या कराव्या लागल्या.

तुम्ही म्हणाल, सातवी शिकलेली ही बाई काय सांगत बसलीय. पण त्यानंच शिकवलं मला. “वर ये, बस इथं. माझ्यामागं कोण बघणार हे?” मी म्हणायची, “मी तुझ्याहून मोठीय, आधी माझाच नंबर.” पण बसायची. इंग्रजी अक्षरं मला स्टेशनच्या पाट्यांवरून येत होती. बाकीचं त्यानं वांगं कसं चिरायचं सांगावं तसं सांगितलं. दारात आलेल्या पत्राला राखणदार तीनच उत्तरं देऊ शकतो. एक, घेतलं. दुसरं, आत्ता नाही, थोड्या वेळानं ये. तिसरं, या नावाचं इथं कोणी राहत नाही. मन्मथ म्हणायचा, पहिलं उत्तर सगळ्यात जड. ‘घेतलं’ म्हणलं की पाठवणारा निर्धास्त होतो आणि ओझं आपल्या डोक्यावर येतं.

हे त्याला सारिकामुळं कळलं होतं. सारिका आमच्या वालूरचीच, नर्सिंग झालेली पोर. संभाजीनगरच्या एका दवाखान्यातून तिला मुलाखतीचं बोलावणं यायचं होतं, तेही आमच्याच पत्त्यावर. तिकडच्या माणसानं नाव लिहिताना एक अक्षर खाल्लं. त्या वेळी मन्मथनं राखणदाराला असं शिकवलं होतं की चुकलेल्या नावाचं टपालही परत पाठवायचं नाही, ते घेऊन एका कोपऱ्यात टाकून ठेवायचं. कोणाला तोंडावर नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. सारिकाचं पत्र त्या कोपऱ्यात पडून राहिलं. त्याच्या नजरेस आलं तेव्हा मुलाखत होऊन गेली होती.

फोन न करता तो स्वतः वालूरला गेला. मीही बरोबर होते. पोरीच्या बापासमोर बसून सगळं सांगितलं त्यानं, काही लपवलं नाही. सारिका पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “आबा, तुमी पत्र वापस पाठवलं असतं तर बरं झालं असतं. नाव चुकलं हे त्यांना कळलं असतं. त्यांनी फोन केला असता.” रागानं नाही म्हणाली. तिला पुढं नांदेडला नोकरी लागली, दोन पोरं आहेत आता. पण येताना एसटीत मन्मथ खिडकीकडं तोंड करून बसला तो पूर्णेपर्यंत. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी वर गेला आणि तो कोपरा बंद केला. खाली येऊन म्हणाला, “अक्का, नाही म्हणलेलं माणसाला सोसतं. घेऊन गप बसलेलं सोसत न्हाई.”

तो गेला त्या दिवशी घरात गर्दी झाली, कोणीतरी वरच्या यंत्राचं बटण बंद करून टाकलं. माती झाली, विधी करायला जंगम येऊन गेले, पाहुणे पांगले. चार-पाच दिवसांनी मी वर गेले आणि यंत्र सुरू केलं. दार बंद दिसलं म्हणून टपाल लगेच माघारी जात नाही. पाठवणाऱ्या बाजूला थांबून राहतं, पुन्हा पुन्हा येऊन बघतं. ते सगळं एकदम आत आलं. बरंचसं महेशच्या आणि माझ्या नावावर, सांत्वनाचं. आणि काही मन्मथच्या नावावर... ज्यांना अजून कळलं नव्हतं त्यांचं.

त्याची पत्रं मी उघडली नाहीत. पण नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव दिसतंच. त्यात एक नाव सारखं यायचं, कदमांचं. रेल्वेत बरोबर होते दोघं. आता लेकीकडं लांब असतात, ऐकू येत नाही, म्हणून फोन नाही, पत्रच. आज कदम, परवा कदम, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी राखणदाराचं उत्तर, घेतलं. तिकडं तो माणूस मन्मथनं पत्र घेतलं या भरवशावर बसलेला. इकडं घेणारा नाही.

महेश फोनवर म्हणाला, “आत्या, बाबांचा पत्ता बंद करावा लागंल. तुला जमंल का, का मी करू?” मी म्हणलं, “मी बघते,” आणि बघितलंच नाही. खरं सांगू? त्याच्या नावानं टपाल येतंय, आणि आमचा राखणदार त्याच्या नावाला अजून ओळखतोय, हे मला हवं होतं. सकाळी चहाचा कप घेऊन वर जायचं आणि हजेरीत त्याचं नाव बघायचं. दारावरच्या पाटीतल्या नावासारखं नाही ते. त्याला कोणीतरी आत्ता, आज, हाक मारलेली असते. कदमांना चार ओळी लिहाव्यात म्हणून मी कितीदा बसले. ‘आमचा मन्मथ’ इथवर लिहायची. पुढचा शब्द बोटांतून उतरायचा नाही. मग तेही पुसून खाली यायची.

पण सारिकानं पाण्याचा तांब्या पुढं केला होता तो हात सारखा डोळ्यांसमोर यायचा. मन्मथला जे सोसलं नव्हतं तेच मी त्याच्या नावावर करायले होते. घेऊन गप बसायले होते.

गेल्या आठवड्यात, दुपारची भांडी झाल्यावर, वर गेले. फाइल उघडली. नाही म्हणताना राखणदारानं काय शब्द वापरायचे तेही आपल्याला लिहून देता येतं. तिथं देवनागरी चालत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिलं. त्याचा पत्ता, आणि पुढं, ‘मन्मथ आता नाहीत. काम असेल तर अक्काला लिहा.’ कदमांना लिहिताना अडलेला शब्द यंत्रासाठी कसा उतरला कोण जाणे. एकदाच लिहायचा आहे, पुढं सगळ्यांना राखणदार सांगेल, असं मनाला समजावलं होतं म्हणून असेल. मग राखणदाराला फाइल नव्यानं वाचायला लावली.

काही बदललं की बाहेरून एक पत्र टाकून बघितल्याशिवाय मन्मथ खोलीतून उठायचा नाही. मीही माझ्या फोनवरून, कंपनीच्या पत्त्यावरून, त्याला पत्र टाकलं. काय लिहावं सुचेना. सुचलं ते लिहिलं.

मिनिटभरात फोन वाजला. पत्र परत आलं होतं. वर बरंच इंग्रजी, मधे माझीच ओळ. मन्मथ आता नाहीत. इतक्या दिवसांत यासीनभाईंनी सांगितलं नव्हतं, जंगमांनी नाही, महेशनंही नाही. सगळे ‘गेले’ म्हणायचे, ‘सुटले’ म्हणायचे, ‘शिवैक्य झाले’ म्हणायचे. नाहीत असं मला पहिल्यांदा त्याच्याच यंत्रानं सांगितलं. खाली, न पोचलेलं पत्र जोडून परत करतात तसं, माझं पत्र होतं, ‘मन्मथा, ऊन उतरलंय. आता खाली ये.’

मग खाली येऊन कदमांना पत्र लिहिलं. या वेळी पूर्ण झालं.