भूकंपची पायपीट

जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत तो घण चालवायचा, म्हणून लोक त्याला भूकंप म्हणतात, असं तो स्वतः सांगायचा. साफ खोटं. घण तर टोळीतले सगळेच चालवत. त्याला भूकंप म्हणत ते त्याच्या हातामुळे, कारण तो हात भिंत आणि माणूस यांत फारसा फरक करत नसे. मलबा न्यायला ट्रक उशिरा आला म्हणून त्यानं ड्रायव्हरला खिडकीतून ओढून बाहेर काढलं होतं. दार उघडण्याचीही तसदी घेतली नव्हती. मुकादमाचे पुढचे दात पाडले होते. शेजाऱ्यानं रेडिओ मोठ्यानं लावला म्हणून रेडिओ फोडला, आणि शेजारी मध्ये पडला म्हणून शेजारीही फोडला. दुसऱ्या दिवशी त्याला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी वाईट वाटून कुणाचे दात परत उगवलेत का?

बायको त्याच टोळीत कामाला होती. घण मारणारा भिंतीच्या पायथ्याशी असतो, त्याला भिंतीचा माथा दिसत नाही. म्हणून प्रत्येक घणामागे एक बघणारा लागतो. भूकंपची बघणारी ही. लांब उभी राहून, कपाळावर हात धरून वर बघत राहायची, आणि भिंत जराशी डुलली की ‘हट!’ म्हणून ओरडायची. ते ऐकलं की भूकंप घण टाकून मागे उडी मारायचा. का, कशाला, काही विचारायचा नाही. अख्ख्या जगात तो त्या एकाच बाईचं ऐकायचा, आणि तिच्या अंगाला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. एवढं एकच काय ते पुण्य त्याच्या पदरात होतं.

सगळं बिघडलं ते जावयाच्या जबड्यापाशी. जावई म्हणजे काडी पैलवान, बोलणं मऊ. डोंगराच्या माथ्यावरून समुद्रापर्यंत जाणारी एक लांबच लांब पायवाट होती, तिच्या दगडांवर पिवळे पट्टे रंगवायचे, ढासळलेल्या पायऱ्या नीट करायच्या, हे त्याचं काम. मुलीकडे सगळे जेवायला बसले होते. जावई आपला प्रेमानं म्हणाला, ‘‘बाबा, आता मशीन एका सकाळीत इमारत पाडतं म्हणे. तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? बसा की आरामात.’’

भूकंपच्या कानांनी ऐकलं ते असं, की म्हाताऱ्या, तू आता कामाचा नाहीस. ताटावरून उठायच्या आधीच त्याची मूठ गेली. जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज त्याला ओळखीचा वाटला, कौल फुटल्यासारखा. मुलगी तेव्हा पोटुशी होती. तिनं पाण्याचा तांब्या बापाच्या अंगावर फेकला आणि दाराकडे बोट दाखवलं.

पुढे तिला मुलगी झाली. बायको जाऊन नातीला बघून यायची आणि भूकंप खाली रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा. ‘‘कुणावर गेलीय?’’ विचारायचा. ‘‘नशीब काढलंय पोरीनं, तुमच्यावर नाही गेली,’’ बायको म्हणायची. तो हसायचा आणि मग घरापर्यंत खाली बघत चालायचा.

शेवटी मुलीनं आईच्या हाती निरोप धाडला. बाबांना म्हणावं, आईबरोबर डोंगरवाट चालून दाखवा, इथल्या टोकापासून थेट समुद्रापर्यंत. वाटेत कुणावरही हात उगारायचा नाही. पोचलात, की नात मांडीवर देते. नाहीतर पोरीला आजोबा नाहीत, असंच मी सांगणार. अट तिनं विचार करून घातली होती. त्या वाटेवर गळ्यात गळा घालून निघालेली नवरा-बायको चार दिवसांत एकमेकांच्या पिशव्या दरीत फेकतात, हे जावई दर मोसमात बघत होता. तिथं जो माणूस टिकला, तो घरात टिकेल, असा तिचा हिशोब.

निघाले दोघं. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, आणि भूकंपच्या कमरेला त्याचा कामावरचा चामडी पट्टा. तो काढून ठेवा म्हटलं तर ऐकेना. घण मारणाऱ्यांचा सगळा दवाखाना त्या वीतभर रुंद पट्ट्यात असतो. पाठ धरली, पट्टा आवळ. बरगडी दुखावली, पट्टा आवळ. पोटात कळ आली, तरी पट्टाच आवळ, आणि उचल घण.

सुरुवातीला भूकंपनं अट दातओठ खाऊन पाळली. एका मुक्कामघरात कुणीतरी त्याच्या खाटेवर पाय पसरून झोपलं, आणि वर ‘दुसरी बघा ना काका’ म्हणालं. भूकंपनं खाटेची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी अशी धरली, की ती वाकली. माणूस उठला आणि मुकाट्यानं दुसऱ्या खाटेवर गेला. ‘‘मी काही केलं नाही हं,’’ भूकंप बायकोला म्हणाला. ‘‘खाटेला केलंत ते दिसलं,’’ ती म्हणाली. रोज असं काहीतरी व्हायचंच. शिव्या तर अखंड चालू होत्या, चढाला, उन्हाला, बुटांना, आणि जावयाच्या त्या पिवळ्या पट्ट्यांना.

आणि मग तो गप्प झाला.

एका सकाळी बेंबीपाशी काहीतरी पिळवटलं. चढ बाधला असेल म्हणून त्यानं पट्टा एक भोक आवळला. दुपारपर्यंत कळ उजवीकडे खाली उतरली आणि तिथंच ठाण मांडून बसली. त्यानं आणखी एक भोक आवळला. प्रत्येक पावलाला आतून कुणीतरी पहार खुपसत होतं. शिव्या द्यायलाही श्वास लागतो, आणि तेवढा श्वास त्याच्याकडे उरला नव्हता. त्या दिवशी मुक्कामघरात कुणाची तरी पिशवी त्याच्या पायावर आदळली, तर तो नुसता बाजूला सरकला. ताट पुढे आलं, ‘नको’ म्हणाला. बायकोनं कपाळाला हात लावला नाही, की काय होतंय म्हणून विचारलं नाही. का लावेल? तिला वाटलं, वाटेनं काम केलं! जन्मभर ज्याची वाट बघितली तो शहाणपणा एकदाचा आला!

बाहेर ओट्यावर जाऊन तिनं मुलीला फोन लावला. भूकंप आत भिंतीला टेकून पोट धरून बसला होता. त्याला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. ‘‘अगं, तुझे बाबा बदललेत. खरंच सांगते. एकानं पायावर पिशवी आपटली, तर हे चक्क सरकले गं! तू पाळणा पुसून ठेव बाई.’’ आणि ती हसली. तिचं असं मोकळं हसणं भूकंपनं कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

आता सांगा, कुठल्या तोंडानं तो म्हणणार, की मी सुधारलो नाही, मी आजारी आहे? मागे फिरलं की अट मोडली. अट मोडली की नात गेली. त्यानं पट्ट्याला चाकूनं नवं भोक पाडलं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी बूट घातले.

खिंडीच्या चढावर तो दोनदा ओकला, बायको मागे असताना, वळणाआड. थंड वारा सुटला होता तरी अंगातून वाफा निघत होत्या. खिंडीच्या तोंडाशी गुडघे गेले. एका मोठ्या दगडाला धरून तो वाकून उभा राहिला, आणि मागून आलेल्या बायकोनं त्याचा हात धरला तेव्हा तिला चटका बसला.

‘‘अहो, अंग भाजतंय तुमचं! कधीपासून?’’

‘‘काही नाही. चल. उतार आहे आता.’’

‘‘पोट बघू.’’ तिनं सदरा वर केला. पट्ट्याच्या वरखाली पोट तटतटून फुगलं होतं, नगाऱ्यासारखं. ती पांढरी पडली. ‘‘बास. मागे फिरायचं. आत्ताच्या आत्ता.’’

‘‘समुद्र बघितल्याशिवाय फिरत नाही.’’

‘‘मेलात तर काय मढं दाखवू पोरीला? सोडा तो पट्टा!’’

‘‘हात लावू नकोस.’’

‘‘हट!’’ ती ओरडली, भिंत डुलल्यावर ओरडायची तशी. पहिल्यांदाच भूकंप जागचा हलला नाही. तेव्हा तिनं पट्ट्याचं बक्कल पकडलं आणि जोरात ओढलं. आतली पहार आरपार गेली. भूकंपच्या डोळ्यांपुढे लाल झालं, आणि मूठ सुटली.

आयुष्यभर वरून पडणाऱ्या वस्तू बघत आलेली बाई होती ती. वाकली. तिचे केस विस्कटून मूठ पुढे गेली आणि दगडावर बसली. हाताची हाडं कडाकड मोडली.

मग तिनं काठी उचलली.

‘‘माझ्यावर? माझ्यावर हात?’’ पहिला रट्टा खांद्यावर बसला. दुसरा पाठीवर. ‘‘भिंती राखल्या तुमच्या मी! जीव राखला! माझ्यावर?’’ ती मारत होती आणि रडत होती, आणि तिच्या तोंडून आजवर न आलेल्या शिव्या येत होत्या, ट्रक ड्रायव्हरच्या, मुकादमाच्या, जावयाच्या, सगळ्यांच्या वाटच्या. भूकंपनं हात वर केला नाही. काठी मोडली, तेव्हा तिला दिसलं, की तो केव्हाचा आडवा झालाय, आणि त्याचे डोळे फिरलेत.

मग त्याच बाईनं त्याला पिशवीच्या पट्ट्यांना धरून उतारावरून फरफटत आणलं. तिची नखं उलटली, त्याच्या पाठीची सालटं गेली. खालच्या मुक्कामघराच्या मालकिणीला हे दृश्य दिसलं, तर तिला वाटलं खून झाला. ती कोयता घेऊनच धावत आली. दोघींनी मिळून त्याला खेचरावर बांधलं. खेचराच्या प्रत्येक पावलाला तो किंचाळत होता. खालच्या रस्त्यावर जीप मिळाली, आणि जीपनं शहरातलं इस्पितळ गाठलं.

शुद्धीवर आला तेव्हा पोटातून नळी बाहेर आली होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हाताला सलाइन. समोर डॉक्टरीणबाई उभ्या, रागानं लाल. ‘‘अपेंडिक्स फुटलं होतं तुमचं. सगळा पू पोटात पसरला होता. आणि हा पट्टा कुणी आवळला? असं पोट बांधून कुणी डोंगर चढतं का? वाचलात कसे तेच कळत नाही!’’ भूकंपला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी एवढं झापत होतं आणि त्याला उलट बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आली. मागे जावई. बाळ नव्हतं आणलं. मुलगी खाटेच्या पायाशी उभी राहिली आणि बापाला नाही, आईला विचारलं, ‘‘हात कसा मोडला?’’

‘‘पडले गं. दगडावर,’’ आई म्हणाली, खिडकीकडे बघत. ‘‘तापात होते. समुद्राचं काय, बरे झाले की पुढे चालतील. अट काही मोडली नाही.’’

मुलीचा चेहरा सैल पडला. भूकंपला तो चेहरा दिसला, तिच्या लहानपणीचा. त्यामागे कुठंतरी एक पाळणा होता, पुसून ठेवलेला. गप्प राहायचं, बस. दुसरं काहीच करायचं नव्हतं.

‘‘तुझ्या आईवर उगारला,’’ तो म्हणाला. ‘‘ती वाकली म्हणून वाचली.’’

‘‘अहो, गप्प बसा की!’’ बायको कळवळली. ‘‘शुद्ध नव्हती गं त्यांना.’’

‘‘होती शुद्ध,’’ भूकंप म्हणाला. ‘‘मला माहीत होतं कोण आहे समोर.’’

मुलीनं आईची पिशवी उचलली, तिच्या उलटलेल्या नखांकडे बघितलं, आणि तिला कोपराला धरून उठवलं. ‘‘आई, तू माझ्याकडे चल.’’ बायको दारापर्यंत गेली, थांबली, आणि मग गेली.

जावई मात्र राहिला. नर्सबाईंनी त्याच्या हातात सूपचा वाडगा दिला होता, की यांचे दोन्ही हात अडकलेत, तुम्हीच भरवा. तो खुर्ची ओढून बसला. त्याचा जबडा डावीकडे जरासा वाकडा राहिला होता. चमचा फुंकून, गार करून त्यानं भूकंपच्या तोंडाशी धरला. ‘‘तोंड उघडा, बाबा.’’ भूकंपनं उघडलं. दोन चमचे गेले, तीन गेले. सूप हनुवटीवरून ओघळलं. काहीतरी बोलावं, निदान माफ कर म्हणावं, म्हणून भूकंपनं आधी तोंड पुसायला प्लास्टरचा हात वर केला.

जावई खुर्चीसकट मागे उडाला. दोन्ही हात तोंडावर घेऊन तो भिंतीला चिकटला. वाडगा जमिनीवर फुटला. पोटाला भोक पडलेल्या, नळ्या लावलेल्या, उठून बसताही न येणाऱ्या म्हाताऱ्यापुढे तो तरणा गडी थरथरत होता.

‘‘सॉरी,’’ जावईच म्हणाला. ‘‘सॉरी, बाबा. मला वाटलं...’’

तो दुसरा वाडगा घेऊन आला तोवर भूकंपनं प्लास्टरचा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला होता. मोडक्या हाडांतून कळा मस्तकात जात होत्या, पण त्यानं तो काढला नाही. ‘‘आता दे,’’ तो म्हणाला.

जावयानं खुर्ची आणखी थोडी मागे सरकवली, आणि हात लांब करून चमचा पुढे केला.