माशी कुठे बसवायची

बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातले शिपाई मानसिंग निकम कारकुनीच्या खात्यांतर्गत परीक्षेत दोनदा आपटले, ते इंग्रजीतल्या एका माशीपायी. अपॉस्ट्रॉफीला ते माशीच म्हणत. मालकी दाखवायला ती एसच्या आधी बसवायची की नंतर, एवढ्यावरच सहा प्रश्न असत. साताऱ्याकडचा हा चाळिशी उलटलेला गडी चार पर्यायांतून नेमका चुकीचा निवडी.

"बॉइज, बॉइज नि बॉइज," ते कुरकुरत. "कानाला तिन्ही सारखेच. मग भांडण कशाचं?"

१९९४ साली, तिसऱ्या खेपेला, टायपिस्ट अरुणाताईंनी त्यांना शिकवायचं अंगावर घेतलं. एकाचं असेल तर माशी आधी, अनेकांचं असेल तर नंतर, असं त्या जेवणाच्या सुट्टीत रोज सांगत. निकममामा रोज मान डोलवत आणि रोज चुकत. शेवटी ताईंनी डबा बाजूला सारला.

"निकममामा, गावाकडं विहीर आहे ना? कोणाची?"

"भावाची. थोरला रणजीत बघतो."

"म्हणजे एकट्या रणजीतरावांची."

"एकट्याची कशी?" मामा ताडकन उठले. "आमा तिघा भावांची हाय! आज्यानं खांदलीया!"

"मग 'भावाची' का म्हणालात? वर टिंब दिलं की विहीर तिघांची. इंग्रजीत तेच काम माशी करते. ती एसच्या आधी बसली की विहीर रणजीतरावांनी लाटलीच समजा."

मामा मटकन खाली बसले. "आयला! एवढंच व्हय?"

त्यानंतर मामांना आवरणं कठीण झालं. आपल्या सोसायटीतल्या 'ओनर्स पार्किंग'च्या पाटीवर एसच्या आधी माशी दिसताच त्यांनी स्टुलावर चढून ती खरवडली आणि रंगाने एसच्या नंतर बसवली. चेअरमन श्यामसुंदर कर्णिक धावत आले.

"जागा एकाच मालकाची हाय का?" मामांनी विचारलं. तिथे गाडी तेवढी कर्णिकांचीच उभी असे. ते गुपचूप परतले.

परीक्षेत सहापैकी पाच बरोबर आले. एका गुणाने पास झालेले मामा कंदी पेढे घेऊन ताईंकडे आले, ते चुकलेल्या प्रश्नासकट. वाक्य कुत्र्याने आपली शेपटी हलवल्याचं होतं, आणि मामांनी 'इट्स'मध्ये माशी बसवली होती.

"तिथे नसते, मामा. अपवाद आहे."

"का? शेपटी कुत्र्याची न्हाई?"

"आहे हो."

"मग? मुकं जनावर बघून लुबाडत्यात व्हय!"

ताईंनी पेढा तोंडात टाकून उत्तर टाळलं.

कारकून झाल्यावर मामांनी तो शब्दच वर्ज्य केला. इमारतीच्या छताबद्दल 'इट्स रूफ' लिहायचं तिथे ते 'द रूफ ऑफ द सेड बिल्डिंग', म्हणजे 'सदर इमारतीचं छत', असं लिहीत. साहेब म्हणत, "निकमांचा मसुदा म्हणजे कसा अगदी कायदेशीर!"