पहिले चार सेकंद

वर्षश्राद्धाची पंगत उठली आहे. पाहुणे चारच्या एसटीसाठी घाईनं निघून गेले आहेत आणि खीर-वड्यांच्या जेवणानं जयवंतराव इंगवल्यांचे डोळे जडावले आहेत. दिवाणावर ते आडवे होतात. समोर तीन पायांच्या स्टँडवर फोन उभा आहे. पाच वाजता सुलभाचं शेवटचं गाणं त्यावरून आपोआप लोकांपर्यंत जाणार आहे. तशी वेळ त्यांनी सकाळीच लावून ठेवली आहे.

पाच वाजता उठायचं, असं ते मनाशी म्हणतात. कुशीवर वळतात, तर उशीला पेटीच्या भात्याचा वास येतो.

सुलभा, त्यांची बायको. मिरजेच्या या दोन खोल्यांत तिनं तीस वर्षं मुलांना पेटी शिकवली. गाणी स्वतः रचायची, स्वतः चाल लावायची आणि गल्लीबाहेर कुणाला माहीत नसायची. वीज मंडळातली नोकरी संपली तसं जयवंतरावांनी मनावर घेतलं. बायकोला गावानं नाही तर जगानं ओळखायचं. तिची गाणी फोनवर चित्रित करून टाकायला लागले, त्यासाठी ऑनलाइन वर्ग लावला. वहीत लिहून घेतलं: पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला नाही तर तो गेला.

सुलभाची सवय अशी, की गाण्याआधी पेटीवर सा धरून डोळे मिटून बसायची. चांगलं मिनिटभर. जयवंतराव ते मिनिट दर वेळी कापायचे.

"अहो, उठा. उजेड चाललाय."

ते बघतात. सुलभा स्टँडच्या मागं उभी आहे. अंगावर दवाखान्यातला हिरवा झगा, केस विंचरलेले, कपाळावर मोठी टिकली. छोट्या फोटोत उठून दिसते म्हणून ते तिला लावायला लावायचे तसली. डाव्या हाताच्या पाठीवर सलाइनच्या सुईवरची पांढरी चिकटपट्टी.

"सुलू," ते म्हणतात. "तू जेवलीस?"

"कावळा जेवला की वो. बसा सरळ. मान वर. हां. आता सांगा, मी कशी गेले. तीस सेकंदांत."

त्यांना हसू येतं. मग ती हसत नाही हे दिसतं.

"त्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले आणि..."

"थांबा. डॉक्टर कुणाला बघायचाय? रडण्यापासून सुरू करा."

"मी तेव्हा रडलो नव्हतो."

"मग आता रडा. कांदा आणू का? मला विचारलं होतंत, आठवतंय? आईच्या गाण्याला. 'डोळ्यांत जरा पाणी असतं तर बरं झालं असतं, सुलू.' आई जाऊन तेरा दिवस झाले होते माझी."

जयवंतराव मान खाली घालतात. खाली फरशी नाही. खाली रस्ता आहे, खूप लांब. ते विजेच्या खांबावर चढलेले आहेत, कमरेला पट्टा, पायांत जुने बूट. तारा पेटीच्या स्वरासारख्या घुमताहेत. सुलभा खाली रस्त्याच्या मधोमध फोन धरून उभी आहे. तिचा आवाज मात्र कानाशीच आहे.

"खाली बघू नका. फोनकडं बघा. पुन्हा."

"सुलू, हात भरून आलेत."

"एकेचाळीस वेळा गायला लावलं होतंत मला. पावसाचं गाणं. घसा फुटला होता. तुम्ही काय म्हणालात?"

त्यांना आठवतं. आठवलेलं त्यांच्या तोंडातून आपोआप बाहेर पडतं. "आता झालंच. आता हसून एकदा."

"मग हसा."

ते हसतात. तारेवरचा कावळा त्यांच्याकडं बघतो.

"लोक खूश होते गं," ते खांबाला मिठी मारून म्हणतात. "अमेरिकेतनं मेसेज आला होता तुला. किती खूश होतीस तू तेव्हा."

"होते. खोटं कशाला बोलू? दोन दिवस हवेत होते. पण त्या बाईनं ऐकलं ते माझं गाणं नव्हतं. सुराला टेकल्याशिवाय मला उठता येत नाही, हे तुम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. माझ्या प्रत्येक गाण्याचा सा तुम्ही कापलात. बरं, ते मी सोडलं. मला ते शेवटचं सांगा."

"कुठलं?"

"आज पाचला जाणार आहे ते."

खांब आता पलंगाच्या दांड्याएवढा होतो. जयवंतराव दवाखान्यातल्या खोलीत, लोखंडी दांडा धरून उभे आहेत. पलंग रिकामा आहे, चादरीला घडी. टेबलावर ऑक्सिजनचा मास्क. खिडकीबाहेर त्यांच्याच घराची मोरी दिसते.

"झोपा त्यावर," सुलभा म्हणते.

ते झोपतात. ती फोन त्यांच्या तोंडाजवळ आणते.

"त्या दिवशी पहिले चार सेकंद काय झालं?"

"काही नाही."

"जयवंतराव."

तिनं उभ्या जन्मात त्यांना नावानं हाक मारली नव्हती.

"तू हात आडवा घातलास," ते म्हणतात. "फोनच्या डोळ्यावर. म्हणालीस, अहो, नको ना. धाप लागतीय."

"आणि?"

"मी म्हणालो, एकच कडवं, सुलू. एवढंच. मग हात बाजूला केला मी तुझा. तू मास्क काढलास आणि गायलीस."

"डॉक्टर काय सांगून गेले होते?"

"बोलू देऊ नका."

"आणि कडवं संपल्यावर?"

जयवंतराव तोंड उघडतात, पण श्वास आत येत नाही. छातीवर कुणी पेटी ठेवावी तसा भार आहे. ते हातानं मास्क मागतात. तो टेबलावर आहे, हातभर अंतरावर. सुलभा तिकडं बघतसुद्धा नाही. ती फोनमधून त्यांच्याकडं बघते आहे, एक डोळा मिटून, अगदी ते बघायचे तशी.

"छान येतंय," ती म्हणते. "असंच राहा."

"किती वाजले?" ते कसंबसं म्हणतात. "उठव मला. पाचच्या आत उठव. थांबवतो मी ते, पुसून टाकतो. तुझी शपथ."

"मी कुठं म्हणाले पुसा? मी मेले. मला कोण बघतं आणि कोण नाही, त्यानं माझं काय अडतंय? बघू द्यात की त्यांना. मी तुमच्यासाठी आलेय. तुम्ही वर्षभरात ते कडवं रोज ऐकलंत. ते चार सेकंद एकदा तरी ऐकलेत?"

ते मान हलवतात. नाही.

"मग झालं," सुलभा म्हणते. हाताच्या पाठीवरची चिकटपट्टी ती सावकाश, कोपऱ्यापासून सोलायला लागते. पुन्हा जन्मभर म्हणायची तसं, अगदी मऊ आवाजात म्हणते, "अहो, एकदा शेवटचं. पहिल्यापासून."

जयवंतराव उठून बसतात तेव्हा खोलीत पिवळं ऊन आहे आणि पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली आहेत.

ते स्टँडवरून फोन ओढून घेतात. गाणं पाचला गेलं आहे. आजवरच्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त लोकांनी ते बघितलं आहे. सगळ्यात वर कुणीतरी लिहिलंय, 'पहिल्या सेकंदापासून अंगावर काटा. ताई अमर आहेत.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. ते काढून टाकायचं बटण दाबतात. निघतं. तोवर सांगलीच्या साडूंचा निरोप आलेला असतो. त्यांनी ते उतरवून घेऊन सगळ्या नातेवाइकांना पाठवलं आहे. 'साडूभाऊ, फार छान केलंत.'

फोन हातात जड लागतो. मागच्या बाजूला बोटांना काहीतरी खरखरीत लागतं. ते उलटून बघतात. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर पांढरी चिकटपट्टी आहे, दवाखान्यातली. कडा मळलेल्या. मधोमध वाळलेल्या रक्ताचा टाचणीएवढा ठिपका आणि चिकटून आलेले हातावरचे दोन बारीक केस. ते नखानं कोपरा उचकटायला बघतात. तो उचकटत नाही.

मग ते न कापलेलं, मूळचं रेकॉर्डिंग शोधतात. सापडतं. लावतात.

तळवा येतो, काळोख होतो. "अहो, नको ना. धाप लागतीय."

गाणं सुरू व्हायच्या आत जयवंतराव ते थांबवतात. आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात.