ओळंब्याने बुजवलेलं भोक

गवंडीकाम करणाऱ्या त्या माणसाला आमच्या वस्तीत सगळे ओळंबा म्हणायचे. त्याच्या हातची भिंत केसभरही कलायची नाही, आणि बोलणंही तसंच, दोरीला टांगलेल्या लोखंडासारखं सरळ नि जड. जिन्यावरून पडून बायको कमरेखाली लुळी झाली, त्याला आठ महिने झाले होते. तिचं सगळं आवरायचं, उशाशी तांब्या ठेवायचा, कामावर पळायचं, दुपारी भरवायला यायचं. ती बोलायचीच बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, "कंबर राहू द्या, आधी हिचं मन कशात तरी गुंतवा."

गुंतवलं ते एका पाखराने. खिडकीसमोर गोदामाची मागची भिंत, ओळंब्यानेच बांधलेली. परांचीचा वासा रोवायला ठेवलेलं एक भोक बुजवायचं राहून गेलं होतं. तिथे हुदहुद येऊ लागला. विटकरी अंग, काळेपांढरे पंख आणि पंख्यासारखा उघडणारा तुरा. कैकजण त्याला सुतार म्हणतात, पण हा लाकडाला चोच लावत नाही, माती उकरतो. गोष्टींमधून मात्र हा राजेलोकांचे निरोप नेत हिंडतो. ओळंब्याच्या बायकोने तसलीच एखादी गोष्ट लहानपणी ऐकली असावी.

"आला बघा टपालवाला," ती एका दुपारी म्हणाली.

ओळंब्याच्या हातातला घास हातातच राहिला. मग रोज तेच. कधी आला, काय आणलं, तुरा किती वेळा उभारला. ती दोन घास जास्त खाऊ लागली.

"अहो, अळी घेऊन येतो, भोकात मान घालतो नि रिकाम्या चोचीने जातो. आत बाईमाणूस असणार त्याचं."

"अगं, स्वतःच गिळत असेल."

मग गोदामवाल्याने हाक मारली. "ओळंब्या, तुझ्या त्या भोकातून मेल्या उंदरासारखी घाण येते. आज बुजव, नाहीतर दुसरा माणूस लावतो."

दुसरा काही बघणार नाही, सरळ विटा कोंबेल. म्हणून ओळंबाच शिडी घेऊन निघाला.

"नीट बघा हं," बायको म्हणाली.

"मी काय आज गवंडी झालो?"

पाखरू उडून जाईपर्यंत तो थांबला. थापीच्या दांड्याने भोकाशेजारी तीनदा ठोकलं. चिमणी असो, साळुंकी असो, ठोकलं की आतलं पाखरू फडफडत बाहेर येतं, हे त्याने तीस वर्षं पाहिलेलं. काही आलं नाही. भोक अरुंद नि अंधारं, हात आत जात नव्हता. त्याने विटांचे तुकडे बसवले, सिमेंट थापलं, सफाईदार हात फिरवला आणि तिथूनच कामावर गेला. त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. दुपारी यायला जमलं नाही.

हुदहुदाची मादी अंड्यांवर बसली की जागची हलत नाही. नर तिला भरवतो. त्या दिवसांत अंगाला येणारा घाण वास, एवढंच तिचं हत्यार. ठोकल्यावर ती आणखी घट्ट बसते. गवंड्याला हे कोण शिकवणार?

संध्याकाळी दार उघडलं तर बायकोचा घसा बसलेला.

"तो दिवसभर येतोय. अळी घेऊन भिंतीला लटकतो, पडतो, परत येतो. मी गोदामाच्या हमालांना हाका मारल्या. म्हणाले, 'मावशी, भिंतीत सासूला चिणलंय का?' हसले मेले."

ओळंबा छिन्नी-हातोडी घेऊन धावला. सिमेंट धरलं होतं. ओल्या गिलाव्यावर उमटलेले नख्यांचे ओरखडे आता पक्के झाले होते. त्याने भोक फोडलं. मादी अंड्यांवरच होती, तुरा मिटलेला, अंग ताठ. ओळंब्याने तिला गोदामामागे पुरलं, अंडीही. नळावर साबणाने तीनदा हात धुतले.

"होतं का कुणी?"

"रिकामं होतं गं."

त्याने भाताचा घास तिच्या तोंडाशी नेला. तिने त्याच्या बोटांचा वास घेतला आणि मान भिंतीकडे वळवली.

"अगं, थोडं तरी."

त्याने घास ताटात परत ठेवला.

सकाळी नर आला. उघड्या भोकाच्या काठावर बसला, चोचीत अळी. मान आत घातली, बाहेर काढली. अळी तशीच चोचीत.

"खिडकी लावा," ती म्हणाली.

त्याने लावली. त्यानंतर ती काही बोलल्याचं आमच्यापैकी कुणी ऐकलं नाही.