वाळत घातलेली होडी

ऐका, पण आधी तोंडातला चहा गिळा. नंतर ठसका लागला तर मला बोलायचं नाही!

मी शाळेपासून डेहराडूनला शिकलो आणि सातपाटीला परतलो ते एक स्वप्न घेऊन. दोरीच्या गाठींचं वेड असणाऱ्या जगभरच्या लोकांचा ऑनलाइन गट उभारायचा! अहो, कोळ्याच्या पोराने नाही उभारायचा तर कुणी? सभासद मूठभर, त्यातलं एक माझंच दुसरं खातं.

म्हटलं, धक्क्यावरून लाइव्ह करू. सकाळची भरती होती. काकांची नवी रंगवलेली होडी पाण्याबरोबर धक्क्याच्या काठापर्यंत वर आलेली, आत बर्फ भरलेला. संध्याकाळच्या भरतीला हंगामाची पहिली फेरी! काका जरा पाठ टेकायला घरी गेलेले.

होडीचे दोर सैल लोंबत होते. शी! कॅमेऱ्यात किती गबाळे दिसतात! मी दोन्ही दोर आखडले, ताणले, माझ्या लाडक्या गाठी मारल्या आणि जगाला सांगितलं, "मित्रांनो, ही गाठ मेली तरी सुटणार नाही!"

मग नाक्यावर चहावर चहा घेत कमेंटना उत्तरं देत बसलो. किती वेळ? कुणाला भान!

काकू मासळीची पाटी घेऊन धावत आली. "मेल्या, धक्क्यावर चल! काय करून ठेवलंस?"

गेलो आणि बघतो तर काय! ओहोटी! पाणी केव्हाच खाली गेलं होतं, पण होडी वरच! धक्क्याच्या भिंतीला दोन दोरांवर वाकडी लटकलेली. खाली चिखल, चिखलात बर्फ, बर्फावर काकांचा डबा.

"दिवाली आली काय रं?" काका गरजले. "होडीचा कंदील केलास!"

"कंदील कसला?" काकू म्हणाली. "बोंबलासारखी वाळत घातलीय!"

"कोयता आणा रं!"

"काका, कापू नका, आपटेल! मी सोडतो ना."

"मंग सोड!"

ओढलं, लोंबकळलो, दात लावले. वजनाने गाठीचा दगड झालेला. सुटणार नाही, असं मीच सांगितलं होतं ना?

अख्खं गाव मोबाइल काढून उभं. काका मात्र डोकं धरून बसले. होडीची फळी उचकटली तर पहिली फेरी गेलीच! शेवटी संध्याकाळच्या भरतीनेच तिला अलगद उचललं आणि सैल पडलेले दोर काकांनी कोयत्याने कापले. काकूने शेजाऱ्यांकडून बर्फ मागून आणला आणि काका निघाले. माझ्याकडे न बघता.

आणि गट? भरला की! अर्धी सातपाटी आत आली. गटाचा फोटो: लटकलेली होडी. अ‍ॅडमिन: काकू. संस्थापकाला काही टाकायचं तर तिची परवानगी लागते, आणि ती एकच प्रश्न विचारते, "आदी सांग, आता भरती हाय का ओहोटी?"

काल खिडकीतून नीट बघून उत्तर दिलं. तरी चुकलं!