यादीतली ठमी

संध्याकाळी आमच्या फाटकाची कडी वाजली की गल्लीतली दारं लागू लागतात. आधी समोरच्यांचं लोखंडी, मग कोपऱ्यावरच्या बंगल्याचं सरकतं, मग कुठल्याशा गच्चीवरून लेकराला घातलेली हाक, घाईची आणि दबलेली. रायबरेली रस्त्यावरच्या वाहनांचा दूरचा घोष तेवढा उरतो, आणि त्या ओस पडलेल्या गल्लीत ठमीच्या नखांचा टकटक आवाज. पट्टा माझ्या हातात असतो. आपल्या येण्याने रस्ता रिकामा व्हावा, हा अनुभव राजेरजवाड्यांना सुखाचा वाटत असेल; मला मात्र रोज छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं.

ठमी आमची कुत्री. रॉटवायलर जातीची, काळीभोर, पाट्याएवढ्या डोक्याची. दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपके आहेत, त्यामुळे ती सदैव गहन विचारात असल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती दुधाच्या पिशवीचा विचार करत असते. फौजेत बदलीचा हुकूम आला की भांडीकुंडी पेट्यांत बसतात, पण कुत्र्याला पेटी नसते. मग छावणीतली घरं एकमेकांची कुत्री सांभाळायला घेतात, कधी महिन्यासाठी, कधी जन्मासाठी. पुण्याकडचं एक कुटुंब डोंगरातल्या ठाण्यावर निघालं, तेव्हा ठमी नावासकट आमच्या पदरात पडली. ती आली तेव्हा कित्येक दिवस अन्नाला शिवली नव्हती. फाटकाकडे तोंड करून बसायची आणि जिपेचा आवाज आला की उठून उभी राहायची. हे फौजेतून निवृत्त झाले, साताऱ्याला परतायचं परतायचं म्हणता आम्ही इथे लखनौतच तेलीबागेत घर बांधलं, आणि ठमीने ते घर आपलं मानलं. तिची जात काय, असं तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं.

मग यादी आली. ठिकठिकाणी कुत्र्यांच्या हल्ल्यांत माणसं दगावल्याच्या बातम्या येत होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराने कुत्र्याच्या निष्ठेवरची प्रवचनं का म्हणून ऐकावीत? शासनाने हिंस्र ठरवलेल्या जातींची नावं काढली, त्यांत ठमीचीही जात होती; मग ती यादी न्यायालयांत अडली, नियम पुढे-मागे झाले. आज नेमकं काय लागू आहे यावर वकिलांतही दोन मतं असतात. आमच्या गल्लीत मात्र ती यादी एकदा आली ती कायमचीच मुक्कामाला राहिली. आम्ही परवाना काढला, लसी टोचल्या, नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. मळणीच्या बैलाला घालतात तसं मुसकं आणलं आणि त्या विचारमग्न चेहऱ्यावर चढवलं. तरी दारं लागायची ती लागतच राहिली.

देवघरात दत्ताची तसबीर आहे. हात जोडता जोडता माझी नजर हल्ली त्या तीन मुखांवरून घसरते आणि पायाशी बसलेल्या चार श्वानांवर येऊन थांबते. कोणत्या बरं जातीची असतील ती? आमच्या गावी कुत्र्याला जात नव्हती, घर होतं. पाटलांचा कुत्रा, मळ्यातला कुत्रा, धनगराचा कुत्रा. धनगराचा कुत्रा चावरा, हे पोरासोरांनाही ठाऊक असे, आणि तो कुणाच्या हाकेला थांबतो हेही ठाऊक असे. चावला तर लोक धनगराला जाब विचारत, त्याच्या कुत्र्याच्या कुळाला नव्हे. शहरात आपण शेजाऱ्याला ओळखत नाही, मग त्याच्या कुत्र्याला कसं ओळखणार? ओळख नाही, म्हणून यादी लागते. असं मी मोठ्या तावातावाने मांडत असे, आणि मांडताना मला स्वतःचं फार पटतही असे.

या शहराला श्वानप्रेमी म्हणावं की नाही, सांगा पाहू! गोमती नगरातल्या एका कॉफीच्या दुकानात कुत्र्यांच्या वाढदिवसाचे केक मिळतात. दारावरची पाटी मोठ्या प्रेमाने त्यांचं स्वागत करते आणि खाली बारीक अक्षरांत सांगते की मोठ्या जातींना प्रवेश नाही. इकडे आमच्या गल्लीत घरोघरी शेवटची पोळी कुत्र्यासाठी काढून ठेवतात, धुक्याच्या दिवसांत भटक्या पिलांना गोणपाटाचे अंगरखे शिवतात, आणि त्याच गल्लीतून एका दुपारी कुणीतरी गाडी बोलावून कल्लू नावाचा निरुपद्रवी काळा कुत्रा उचलून न्यायला लावतं. तो पुन्हा दिसला नाही. प्रेम आणि भीती एकाच उंबऱ्यावर नांदतात, आणि कुठल्या दिवशी कोण दार उघडेल याचा नेम नसतो.

या थंडीत वसाहतीच्या समितीने आम्हाला निरोप धाडला. येत्या रविवारी बैठक. ठमीला वसाहतीबाहेर हलवावं असा ठराव येणार. पुढाकार शेजारच्या मिश्राजींचा. बँकेतून निवृत्त झालेले, सौम्य आणि टापटिपीचे. ठमी दिसली की भिंतीला पाठ लावून उभे राहणारे. हलवायचं म्हणजे कुठे? शहराबाहेरच्या एका कुत्रेघरात चौकशी केली. पिंजरे स्वच्छ होते, माणसंही बरी होती. पण मला दिसत होती ती फाटकाकडे तोंड करून बसलेली, अन्नाला न शिवणारी ठमी, आणि आता तर ती म्हातारी झाली होती. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. माझी कॉलेजात जाणारी लेक, जिला मराठी सगळं समजतं आणि जी उत्तर मात्र हिंदीत देते, तिने तर बोलणंच टाकलं.

शनिवारी सकाळी कडी वाजली. दारात मिश्राजी, हातात झाकलेली स्टीलची ताटली. हे फौजी कँटीनला सामान आणायला गेले होते, घरात मी एकटीच. मिश्राजींचा मुलगा परदेशात असतो. त्याची नोकरी गेली, आणि त्यामागून त्याचे फोन येणंही थांबलं, हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. पंडितजींनी शनीची पीडा सांगितली. दर शनिवारी काळ्या कुत्र्याला राईचं तेल लावलेली पोळी स्वतःच्या हाताने घालायची. कल्लूला नेलं त्या दिवसापासून गल्लीत काळा कुत्रा उरला नव्हता. ठमीच्या तांबूस ठिपक्यांची शंका त्यांना होती, पण पंडितजींना फोनवर विचारलं होतं. तेवढं चालतं म्हणे. यादीला न चाललेली ठमी शनीला चालत होती.

मला हसू यायला हवं होतं. संतापही यायला हवा होता. यांपैकी काहीच आलं नाही, कारण त्यांनी ती ताटली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. आणि मग लक्षात आलं की पोळी घालायची तर मुसकं काढावं लागणार.

मी ठमीला अंगणात आणलं. गुडघ्यावर बसून मुसक्याचा बंद सोडला. इतकी वर्षं मी सगळ्यांना ठणकावून सांगत आले होते, ती काही करणार नाही, लेकरासारखी आहे. आता तिचा जबडा मोकळा होता, समोर एका घाबरलेल्या म्हाताऱ्याची बोटं होती, आणि मी पट्टा मनगटाला आणखी एक वेढा देऊन गुंडाळत होते. माझ्याच मनगटाने मला सांगितलं की मला खात्री नव्हती. कुत्र्याच्या मनाची खात्री कुणाला असते? नुसता दात लागला, ओरखडा जरी उठला, तरी उद्याच्या बैठकीत बोलायला मला तोंड उरणार नव्हतं. मिश्राजींनाही ते कळत होतं. तरी त्यांनी हात पुढे केला.

ठमीने पोळी हुंगली, शिंकली आणि तोंड फिरवलं. तिला राईच्या तेलाचा वास कधीच आवडत नाही.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच मिश्राजींचा चेहरा पाहिला. तो पार उतरला होता. कुत्र्याने उपायाची पोळी नाकारली, याचा अर्थ त्यांनी मनात काय लावला असेल हे सांगायला नको. ज्या जबड्याच्या भीतीने हा माणूस वर्षानुवर्षं भिंतीला चिकटत आला, तो जबडा उघडावा म्हणून तो आता जीव तोडून वाट पाहत होता. ते पायरीवर बसले, ठमीच्या तोंडाच्या अगदी समोर, इतक्या जवळ मी कुणा पाहुण्यालाही कधी बसू दिलं नसतं.

"खा ले बेटा," ते म्हणाले. "उसका फ़ोन नहीं आया है."

ठमी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने ओठांच्या टोकांनी, दूधपिशवीच्या बाबतीत कधी न दाखवलेल्या अदबीने, पोळीची कड धरली आणि हलकेच ओढून घेतली. मिश्राजींनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. माझ्या मनगटावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

रविवारच्या बैठकीत बोलायला मी पुष्कळ पाठ करून गेले होते. जातीवरून स्वभाव ठरत नाही, दोष पाळणाऱ्याचा असतो, वगैरे. त्यातलं सगळं खरंच आहे. पण आदल्या दिवशी माझ्या मनगटाने जे सांगितलं होतं ते गिळून हे सारं म्हणायचं कसं? मी गप्प बसले. हे दोन शब्द बोलले, तेही चाचरत. समितीचे लोक मिश्राजींकडे पाहू लागले. ते उठले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "डर तो मुझे आज भी लगता है. लेकिन इसे यहीं रहने दीजिए." कुणी कारण विचारलं, तोवर ते खाली बसले होते. ठराव पुढे ढकलला गेला. रद्द झाला नाही, हे मी विसरलेले नाही, आणि मुलाचा फोन आला का, हे मी त्यांना अजून विचारू शकलेले नाही.

तेव्हापासून माझ्या मनात एकच विचार घोळतो आहे. श्वानांवर प्रेम करणाऱ्यांचं शहर कुठेही वसवता येईल. पण ज्याला त्यांची भीती वाटते त्याला ती भीती न लपवता, न लाजता जिथे रस्त्याने चालता येतं, ते शहर बहुधा कुत्र्यालाही राहू देतं. हे मला कुण्या नियमाने शिकवलं नाही. एका भित्र्या माणसाने शिकवलं, आणि तो माझ्याहून धीट निघाला.

काल संध्याकाळी मिश्राजी समोरून भाजीची पिशवी घेऊन येताना दिसले. आजवर मी अशा वेळी मान ताठ ठेवून मधोमध चालत राहत असे. रस्ता आमचाही आहे, असा माझा तोरा. काल मी ठमीला कडेला घेतलं, पट्टा आखूड केला, आणि त्यांच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिले. ते भिंतीकडे वळले नाहीत. सावकाश, अगदी सावकाश, ते आमच्यासमोरून चालत गेले.