गाडीला आवतण

कुठंही निघायचं झालं की मी आधी जिपीच्या तळाशी वाकून बसायचो, पायाखालची लोखंडी पट्टी सरकवायचो, ब्रेकच्या तेलाचं टोपण उघडायचो, त्यात बोट बुडवायचो आणि हुंगायचो. बायको दारातून म्हणायची, "लोकं निघताना देवाले हात जोडतात, हा बोट हुंगते." तिला कारण माहीत होतं, तरी म्हणायची. मी चिडायचो. तसा मी जन्माचा तापट. पण त्या वासाच्या बाबतीत कुणी थट्टा केली की माझं डोकंच फिरायचं.

साठ सालानंतरची गोष्ट. नागपूर महाराष्ट्रात गेलं, आम्ही बालाघाटवाले मध्य प्रदेशात राहिलो, पण जिपीचा साधा वॉशर हवा असला तरी नागपूरच गाठावं लागे. लालबर्ऱ्याजवळ आमची धानाची शेती. ही जीप मला खाणीकडच्या एका ठेकेदाराच्या आवारात मोहाच्या झाडाखाली सापडली. लढाईच्या काळातली, डाव्या हाताला स्टेअरिंग असलेली. सीटमधून गवत उगवलेलं, आणि बोनेट उघडलं तर आत उंदरांनी भरला संसार मांडलेला. बालाघाटच्या मेकॅनिकनं तिला एक फेरी मारली आणि हिंदीत सांगितलं की हिला पुरा आणि वर तुळस लावा. तेव्हाच मी ठरवलं की आता ही चाललीच पाहिजे.

दोन उन्हाळे तिच्यात गेले. इंजिन सोडवलं, खोललं, रॉकेलमध्ये भिजत घातलं. वायरिंग सगळं नवं केलं. मंडपवाल्याकडून जाड कापडाचं छत शिवून घेतलं. ब्रेकची रबरं नागपूरहून आणली, एकेक जणू डाळिंबाचा दाणा असल्यासारखी बसवली. आणि ज्या दिवशी पुढच्या चाकांचा गिअर टाकून ती गुडघाभर चिखलातून, धानाची बांधी म्हणजे वावराचा तुकडा ओलांडून, गुरगुरत वर आली, त्या दिवशी मी एकटाच मोठ्यानं हसत सुटलो. काच पुढं पाडून ठेवली की धानाचा ओला वास सरळ तोंडावर यायचा. तेवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, बायको रागावली तरी खरं ते खरं.

खोडी होत्याच. उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटायचा, म्हणून दांडा गुडघ्यानं दाबून धरावा लागे. हातब्रेक नावालाच होता. जीव काय तो पायाच्या ब्रेकवर.

बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती गाडी डोळ्यासमोर नको होती. आमच्या जोडीतला एक बैल रोगानं गेला होता, आणि उरलेला मी मावशीकडं धाडला, जिपीला ट्रॉली जोडीन म्हणून. बाबा फक्त रिकाम्या गोठ्यात रोज सकाळी झाडू मारत राहिले. पुढं जीप त्याच गोठ्यात उभी राहू लागली, तेव्हा ते तिच्याभोवतीही झाडायचे, तिला हात न लावता. मी टोपण उघडून ब्रेकमध्ये तेल घालायचो ते मात्र दुरून बघायचे. एकदा विचारलंही, ही तेल पिते काय. मी आपला हो म्हणालो. तो एक शब्द पुढं किती महागात पडणार होता, हे मला कुठून ठाऊक?

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावायची, पळसाच्या पानानं चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या वर्षी साऱ्या गावात घुंगरं वाजत होती आणि आमच्या गोठ्यात एक घुंगरू नव्हतं. मी लालबर्ऱ्याला गेलो होतो. बाबा वाटी घेऊन गोठ्यात गेले, त्यांनी जिपीच्या बोनेटला हळद लावली, चारही चाकं चोळली, आणि मग ती लोखंडी पट्टी सरकवून टोपण उघडलं. वाटीत घरच्या जवसाचं तेल होतं. बैलाला पाजतात तसंच पाजलं त्यांनी, आणि आवतणही दिलं. मी परतलो तर बोनेटवर हळदीची बोटं दिसली. मला हसू आलं, बरंही वाटलं. आत काय ओतलंय ते मला कुणी सांगितलं नाही.

ब्रेकचं तेल वेगळंच असतं; त्याच्या रबरांना साधं तेल म्हणजे विष. लगेच मारत नाही. हळूहळू फुगवतं.

पोळ्यानंतर आली तीज. माझी बहीण बैहरकडं दिलेली, अंगावर पिणारं लेकरू. तिला माहेरी आणायचं होतं. बाबा म्हणाले, मीही येतो. ते जिपीत बसणार! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण निघाल्यापासूनच गाडी अंग चोरत होती. एरवी सपाट रस्त्यावर पाय काढला की ती पुढं घरंगळायची, आज जागच्या जागी थबकत होती. बालाघाट मागं पडलं, घाट चढताना जळका वास यायला लागला. मी थांबून चाकाला हात लावला तर चटका बसला. पावसाचे दिवस, आत चिखल गेला असेल असं वाटलं. मी तिला दोन शिव्या दिल्या आणि पुढं घातली. बाबा म्हणाले, नको बोलू तिले, सणाची आहे.

बहिणीला घेऊन परत निघालो तेव्हा ऊन होतं, तरी घाटात साग इतका दाट की रस्ता काळाच दिसत होता. पाखरूही बोलत नव्हतं. माझ्या शेजारी बाबा, मागं लेकराला पदराखाली घेऊन बहीण. उतार लागला, मी ब्रेक दाबला. दगडासारखा घट्ट. पुन्हा दाबला. मग एकदम काहीतरी आत फाटल्यासारखं झालं आणि पाय सरळ पट्टीला जाऊन टेकला.

मी गुडघ्यानं दांडा दाबला, पण गाडीनं गचका दिला आणि गिअर सुटला तो सुटलाच. हातब्रेक ओढला, तो दोरीसारखा हातात आला. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला मुरुमाची कड. मी गाडी कडेवर घातली. पत्रा चरचरत घासत गेला, वेग कमी झाला, पण ती थांबेना. पुढं वळण होतं आणि वळणापुढं नुसतं आभाळ. बहीण ओरडली नाही, तिनं फक्त लेकराचं डोकं दोन्ही हातांनी झाकलं.

आणि बाबा उतरले. बैलगाडी उतारावर सुटली की ती हाकणारा धुरकरी उडी मारून चाकापुढं दगड घालतो, जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. त्या वयात ते पडत-धडपडत गाडीपुढं धावले, रस्त्याकडेचा धोंडा उचलला आणि चाकापुढं घातला. चाक धोंड्यावर चढलं, थरथरलं, थांबलं. हात काढायला त्यांना वेळ मिळाला नाही.

बालाघाटच्या दवाखान्यात त्यांच्या उजव्या हाताची बोटं काढावी लागली. अंगठा तेवढा वाचला. मी गाडी ट्रकनं ओढून आणली आणि ब्रेक खोलला. रबरं भिजलेल्या वाटाण्यासारखी फुगून फाटलेली. बोट लावलं, हुंगलं. जवस. आमच्या स्वयंपाकघराचा वास. मला बोनेटवरची हळदीची बोटं आठवली.

संताप आला, खोटं कशाला बोलू. दवाखान्यात तावातावानं गेलो. बाबा उशीला टेकून बसले होते, पांढरं बोचकं झालेला हात छातीवर. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तुले सांगाचं राह्यलं. पोळ्याच्या आदल्या सांजेले मीनं तिले तेल पाजलं. म्हनून थांबली ते. नाही त माही लेक, नातू, सारेच गेले असते."

त्यांच्या तोंडावर बैल गेल्यापासून पहिल्यांदा उजेड दिसला मला.

"हौ बाबा," मी म्हणालो. "तिनं तुमचं ऐकलं."

झालं. तेव्हापासून दरसाल पोळ्याच्या आदल्या सांजेला बाबा डाव्या हातात वाटी घेऊन गोठ्यात जायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडीखाली शिरून सगळं तेल काढायचो, नळ्या धुवायचो, नवं भरायचो. बायको म्हणायची, सांगून टाका एकदाचं. कसं सांगणार? ज्या माणसानं हात देऊन लेकरं वाचवली, त्याला सांगू की ती मारायला तुम्हीच निघाला होता? पण भीती पाठ सोडत नव्हती. एखाद्या साध्या दिवशी त्यांना गाडीची माया आली आणि त्यांनी वाटीभर ओतलं, तर? म्हणून ते हुंगणं. दर वेळी, बाजारात जायचं असलं तरी.

असे किती पोळे गेले कोण जाणे. बाबा थकले, नजर मंदावली. एका पोळ्याच्या आदल्या सांजेला त्यांना पट्टी सरकवता येईना, मीच सरकवली. त्यांनी वाटी पुढं केली, पण ओतलं नाही. म्हणाले, "तू हे सकाळी काढून टाकतस ना?"

मी काढलेलं टोपण पुसत राहिलो.

"पहिल्याच साली पाह्यलं मीनं. तवाच समजलं का घाटात काहून झालं ते."

इतकी वर्षं ज्या गोष्टीला भ्यालो, ती त्यांच्या पोटात पहिल्या वर्षापासून होती. मी कसंबसं विचारलं, "मंग दरसाल काहून ओतता, बाबा?"

"नाही ओतलं असतं त तुले समजलं असतं, का मले माहीत हाय," ते म्हणाले. "तू इतकं छातीवर दगड ठेवून हौ म्हनलं होतं."

आणि त्यांनी ओतलं, नेहमीसारखं, आवतण देऊन. मी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाना घेऊन गोठ्यात गेलो, तर तेल धरायचा डबा डाव्या हातात घेऊन बाबा आधीच चाकापाशी येऊन बसले होते.